गाडीच्या नाकावरची पाटी

आई, आपल्याकडं पिकअप गाडी आहे हे तुला ठाऊक नाही. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी घेतली, तीही जुनी, आणि आता तर माझ्यासारखीच झालीय, चढावर धापा टाकते पण थांबत नाही. तुझी सून चटण्या-मसाले करते, मी ते गाडीत भरतो आणि आम्ही दोघं कुरुळीहून पिंपरीच्या दुकानांना पोचवून येतो. जाताना ती बोलते, येताना ती बोलते, मी गाडी चालवतो. छान चाललं होतं. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र गाडीचा एसी रुसला. एसी म्हणजे थंड वाऱ्याची पेटी समज. सकाळी बरा चालायचा, ऊन चढलं की आजारी माणसानं फुंकर घालावी तसा वारा द्यायचा. एका दुपारी मिरची आणायला चाकणला गेलो, तिथल्या चौकात ट्रकांच्या मधे अडकलो आणि बोलता बोलता तुझी सून गप्प झाली. ती गप्प होते म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. बघतो तर चेहरा पांढराफटक, भोवळ आलेली. सावलीत बसवलं, पाणी पाजलं. सावध झाल्यावर पहिलं वाक्य काय, तर "हा तवा थंड होईस्तोवर मी यात पाय ठेवायची न्हाई. मी आपली बसनं जाईन." दुसऱ्या दिवसापासून ती बसनं, मी गाडीनं, आणि तिच्या जागेवर मिरचीचं पोतं.

मी काय कुठं शिकायला गेलो नव्हतो, सगळं उघडून, बिघडवून, परत जोडूनच आलं. म्हणून आधी स्वतःच हात घातला. आतल्या वाऱ्याची गाळणी काढून झटकली, तर तिच्यात साठलेली मसाल्याची धूळ अशी उडाली की मी आणि शेजारचं कुत्रं दोघंही शिंकत बसलो. पट्टा पाहिला, ठीक होता. नळ्यांना हात लावून पाहिला. जाड नळी गार लागायला हवी, ती नुसती कोमट. म्हटलं, गॅस संपला. पिंपरीत आपला एक ओळखीचा मेकॅनिक आहे, दाढीवाला, गोड बोलणारा. त्यानं दाब मोजायची घड्याळं लावून पाहिली. "काका, गॅस बराबर आहे. उलट दाब जास्तीच दाखवतोय." मग गाडीच्या पुढं उभा राहिला, दाढी खाजवली आणि म्हणाला, "बघू." पुन्हा गेलो, पुन्हा पुढं उभा, पुन्हा दाढी, पुन्हा "बघू." मला वाटलं, ह्याला काही येत नाही.

शेवटी एकदा मी वैतागून म्हणालो, "राव, बायको परत आणून दे, नाहीतर ह्या गाडीत बसून तूच माझ्याशी बोलत चल." तेव्हा त्यानं बॉनेट उघडलं आणि बादलीनं पुढच्या जाळीमागच्या नळ्यांवर पाणी ओतलं. आतली गरमी तिथून बाहेर पडते, समोरचा वारा लागून त्या नळ्या निवतात. पाणी पडलं आणि आत एकदम गारेगार झालं.

"बघा! त्याला वारा मिळत नाय."

"का मिळत नाही?"

तो आभाळाकडं बघायला लागला. "काका, राग नाय ना येणार?"

"अरे, बोल की."

"ते... आई."

"कुणाची?"

"तुमची."

तर त्याचं असं झालं, आई. मागच्या दसऱ्याला मी गाडीला तुझ्या नावाची पाटी करून घेतली. 'आईची कृपा'. चांगली जाड पत्र्याची, कडेनं लाल दिवे, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाडीच्या नाकावर, बरोब्बर जाळीवर ठोकली. तिथून माशी आत जाईना, वारा कुठला जातोय! मेकॅनिक म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण दुसऱ्याच्या आईला बाजूला करा, असं कुठल्या तोंडानं सांगू? माझी अम्मीपण गेलीय, काका."

मी तिथंच टायरवर बसलो आणि मला आपली कांद्याची चाळ दिसली. मी कांदा भिंतीला चिकटवून, गच्च, देखणा रचतोय. तू येतेस, पदर खोचतेस आणि सगळा ढीग पायानं पाडतेस. "आरं शान्या, कांद्याला वारा नगं व्हय? तुझं नाक दाबून धरू का?" शिकवण तुझी, आणि वाऱ्याच्या वाटेत तुलाच आडवी उभी केली मी!

घरी सांगितलं तर तुझी सून हसून हसून उंबऱ्यावरच बसली. "जित्या होत्या तवा मला पंख्याखाली टेकू दिलं न्हाई, आन् आता गेल्यावरबी माझा वारा अडवला!" मी पाना घेऊन निघालो तशी मागनं ओरडली, "काढा, पर अडगळीत टाकली तर बघा हां. वर टपावर लावा. समद्यांच्या वर बसायची सवयच हाय त्यांना." शिडी तिनंच धरली.

आता तू टपावर आहेस, दिव्यांसकट. खाली तुझी सून आपल्या जागेवर बसते, पिंपरीपर्यंत बोलते, आणि मध्येच पदर खांद्यावर ओढून म्हणते, "कमी करा जरा, गारठले." मेकॅनिकला तिनं शेंगदाण्याची चटणी दिली, त्यानं ती तिथंच उभ्याउभ्या चाखून डोळे पुसले.

एवढं लिहिलं, पण हे पत्र मी तुला वाचूनही दाखवणार नाही, फोटोपुढंही ठेवणार नाही. कारण एक राहिलंय. ती बसनं जायची ते दिवस मी एकटाच गाडी चालवली. तू माझ्या पुढंच होतीस, हातभर अक्षरांत. तरी मला करमायचं नाही, आणि आठवण यायची ती तुझी नव्हे, तिची. हे मी तिलाही बोललो नाही. तिला कळलं तर माझी खैर नाही, आणि तुला कळलं तर तिची.