शीला नावाचा फॉन्ट

खामगाव,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुवर्णाताईस,
सप्रेम जयभीम.

गेल्या महिन्यात आमचे मालक अविनाशभाऊ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, त्या दुपारपासून माझं सगळंच बदललं. पत्र पाहून दचकू नको. रागात मोबाईल भिंतीवर आपटला, म्हणून कागद.

इथल्या बॅनर-पत्रिकांच्या सगळ्या दुकानांत एकच फॉन्ट चालतो. त्यायले आपल्या दुकानाचं अक्षर वेगळं पाहिजे. कॉलेज अर्धवट सोडलेल्या पोराला असं काम कोण देते? मी हो म्हणून बसलो. नवा फॉन्ट काढणं माझ्या बापाच्यानं होणार नाही, म्हणून फुकटातला एक घेतला अन् त्याचीच अक्षरं जाड करून राह्यलो, म्हणजे बॅनर रस्त्यावरून वाचता येईल. पण अक्षर जाड केलं की त्याचं पोट, म्हणजे आतली मोकळी जागा, बुजते. पोट मोकळं केलं की शेजारच्याशी शिरोरेषा जुळत नाही, छापल्यावर मधे फट दिसते. एक जागा सांधली की दुसरी उसवते. डोकं भणभणून जाते.

काउंटरवर ऑर्डरी घेणारी धम्मशीला तेवढी एकदा म्हणाली, की ‘ध’ चांगला उतरला. तेव्हापासून मी ‘ध’ला हात लावला नाही. हसू नको.

बदललेल्या फॉन्टले मूळ नाव ठेवायचं नाही, अशी तो फुकट देणाऱ्याची अट आहे. दुसरं नाव मी शोधलं आहे. भाऊजींना जयभीम. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
संघपाल


धामणगाव बढे,
९ फेब्रुवारी २०२५

चि. संघपाल यास,
मंगलकामना.

फोन लागत नाही म्हणून वडनेरहून आई रोज मलाच विचारते. भिंतीचं काय बिघडलं रे? कॉलेजही तू असंच एका तिरीमिरीत सोडलंस.

एवढ्या अक्षरांत तुला एकच ‘ध’ दिसतो, यावरून मी काय ते समजले. पण नाव कोणतं शोधलं ते लिहिलं नाहीस, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या पोरीच्या मनात काय आहे ते आधी तिलाच विचार, बावळटा. जेवत जा. रागापेक्षा बहीण मोठी आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
सुवर्णाताई


खामगाव,
३ मार्च २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र यायच्या आधीच मी फॉन्टचं नाव ‘शीला’ ठेवून सगळ्या कॉम्प्युटरवर टाकलं होतं. वाटलं, यादीत दिसेल अन् तिले आवडेल. झालं उलटंच. दुकानातली पोरं गिऱ्हाइकांसमोर तिचं नाव ओरडून राह्यली. शुक्रवारी एका नवरदेवाच्या काकानं विचारलं, की यातली शीला कोणती. सगळे हसले. ती काउंटरवरून उठून सरळ माझ्यासमोर आली.

“माझं नाव लावताना मले विचारलं काऊन नाही?”

मी उठून सरळ मालकाच्या टेबलापाशी गेलो, ताई.

मालकाला म्हटलं नाव बदलतो. ते म्हणाले, लग्नसराईत हात लावायचा नाही. नाव बदललं की त्यात बसवलेली सगळी कामं दुसऱ्याच अक्षरात उघडतात अन् ओळी फ्रेमबाहेर सांडतात. वरून हसले, की शीला दुकानाला लाभली. माझं डोकं फिरलं. काल सुट्टी होती. चावी माझ्याकडेच असते. नाव ‘ठळक’ केलं अन् एकेक पत्रिका, एकेक बॅनर उघडून नवं नाव लावत बसलो. एकही काम बिघडू दिलं नाही.

मालक अजून यायचे आहेत. आले की सांगतो. बहिणीची नजर पाठीवर असू दे.

तुझा,
संघपाल

ता. क. हे बसस्टँडवर लिहितो आहे. मालकांनी सगळ्यांसमोर जुनं नाव परत टाकायला सांगितलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग उद्यापासून येऊ नको. मी म्हटलं, उद्या कशाला. चावी टेबलावर ठेवली. जाताना काउंटरपाशी थांबलो, तिची माफी मागितली. तिनं कॉम्प्युटरवर फॉन्टची यादी उघडली, वरपासून खालपर्यंत पाहिली, ‘शीला’ त्यात कुठंच नव्हतं, अन् ती पुढच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर लिहू लागली. मी बाहेर आलो अन् दार लावून घेतलं.