कॅमेऱ्याची चाळिशी

१७ नोव्हेंबर, सोमवार

पाणी आलं. पाच दिवसांनी! दोन घागरी भरल्या आणि तिसरीला दारात रिक्षा थांबली. नात उतरली, सुकन्या. मागनं तिचा कॉलेजातला संघपाल, आणि तीन काळ्या पेट्या. मला वाटलं भजनी मंडळाची पेटी आणली. निघाला कॅमेरा. मी म्हणलं, आधी घागर उचला, मग कॅमेरा. संघपालनं उचलली. पोरगं बरं हाय.

सुकन्याला पुण्याच्या शाळेत जायचंय. पिक्चर कसा काढायचा ते शिकवतात म्हणं तितं. त्यासाठी आधी आपला एक छोटा पिक्चर करून पाठवायचा, तीस तारखेच्या आत. म्हणती, "तुझाच करणार आज्जी. तू वाकळ शिवतीस त्याचा." मी म्हणलं, म्हातारी जुन्या लुगड्याला टाके घालती, ते बघायला पुण्यातली माणसं रिकामी बसलीत व्हय?

तिचा बाप धनाजी, माझा थोरला, टॉवेलच्या कारखान्यातनं आला. पेट्या बघितल्या. "आई, करू दे. न्हायतर घरात आठ दिवस फुगलेलं तोंड बघाय लागंल." तोंड कुणासारखं फुगवती ते बोलला न्हाय. बापाच्या आईवर गेलीय!

मला कॅमेऱ्यापुढं बसवलं आणि छोट्या टीव्हीत दाखवलं. मी दोडक्यासारखी! लांब आणि बारीक. लग्नातबी एवढी बारीक न्हवते. संघपाल म्हणला, "ही लेन्स चित्र दोन्ही बाजूंनी दाबून घेती आज्जी. नंतर कम्प्युटरवर ताणायचं, मग पडद्यावर ऐसपैस रुंद दिसतं." मी म्हणलं, ताणू नका. असंच ठेवा.

एक गोष्ट हितंच लिहिते, दुसरीकडं कुटं सांगायची न्हाय. उजव्या डोळ्यात दोन वर्षं धुकं हाय. आता डावाबी त्याच वाटंनं निघालाय. सुई मी बघून ओवत न्हाय. पोरीला कळलं तर पिक्चर टाकून मला दवाखान्यात नेऊन बसवंल, आणि तीस तारीख जाईल. जन्मात एकदा काहीतरी मागितलंय तिनं. तोवर तोंडाला कुलूप.

१८ नोव्हेंबर

पेन बदलला. सुकन्यानं जाड काळा आणून दिला. "दुकानात एकावर एक फुकट होता." बरा हाय. ओळ दिसती.

आज लेन्सची खोड कळली. नाव अ‍ॅनामॉर्फिक. अन्नाला मारणारी! एवढी भारी लेन्स, पण जवळचं दिसत न्हाय तिला. तीन फुटाच्या अलीकडं आलं की सगळं धूसर. आणि सुकन्याला तर सुईचं नेढं पडदाभर पाहिजे. मग संघपालनं एक गोल काच काढली, बशीएवढी, आणि लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवली. डायॉप्टर. आता हातभर अंतरावरचं लख्ख दिसायला लागलं. पण मागची भिंत गेली, धनाजी गेला, दार गेलं. दोन बोटं जागा तेवढी साफ, पुढंमागं धुकं.

मी म्हणलं, ही तर चाळिशी! मीबी चाळिशी लावून दारात बघितलं की दूधवाला आणि म्हस एकच दिसतात.

दोघं एकमेकाकडं बघून हसाय लागली. सुकन्या म्हणली, "आज्जी, खरंच तेच हाय की! नंबरबी असतोय. ही दोनची." मी म्हणलं, माझा अडीचचा. तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा मी अर्ध्यानं म्हातारी.

ही लेन्स आणि काच रविवारी परत द्यायचीय. पुण्याच्या कुणाचीतरी हाय. उसनवारी.

१९ नोव्हेंबर

वाईट झालं.

पोरं बाहेर गेलेली, रेल्वे लाइनीकडं कायतरी चित्र घ्यायला. लेन्स घेऊन गेली, ती काच फडक्यात गुंडाळून हितंच कट्ट्यावर. मी उचलली. उजेडाकडं केली तर त्यावर जांभळा-हिरवा तवंग, तेल सांडल्यागत. म्हणलं शेंगाचटणीचा हात लावला असंल कुणी. काथ्या घेतला, भांड्याची पावडर घेतली आणि घासली. तवंग जाईना. आणखी घासली. मी कुटलं भांडं अर्धं सोडलंय जन्मात!

तवंग गेला. पण बोट फिरवलं तर काचंवर चरेच चरे. म्हणजे ते तेल न्हवतं, काचंचाच लेप होता. परत फडक्यात गुंडाळून ठेवली. पोरं आली, जेवली. मी आमटी वाढली. एक शब्द बोलले न्हाय.

भित्री म्हातारी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सुकन्या स्वतःच म्हणली, "आज्जी, घोटाळा झाला. काच माझ्याकडनंच घासली गेली. पिशवीत चावीबरोबर टाकली होती."

कुटली चावी? चावी तर खुंटीला होती.

संघपाल डोकं धरून बसला. दुसरी काच पुण्यातनं यायला सोमवार. लेन्स जाणार रविवारी. पोरगी माझं पाप आपल्या डोक्यावर घेऊन बसलीय, आणि तिला म्हायीतबी न्हाय ते माझं हाय!

मग आठवलं. चष्म्याची काच आधी चौकोनी न्हाय, बदामी न्हाय. चष्मेवाला चनबसप्पा ती कागदाच्या पाकिटातनं काढतो तवा गोल असती, बशीगत. मग फ्रेम बघून मशीनवर कापतो. तीस वर्षं माझा चष्मा त्यानंच केलाय, समोर बसून बघितलंय मी. न कापलेली काच म्हणजे कॅमेऱ्याची चाळिशीच की!

दुपारी एकटी गेले. भिंत धरून, दारं मोजत. चनबसप्पा कानडीत म्हणला, "बर्री आज्जी, कुंदर्री." या, बसा. बसले. म्हणलं, दोन नंबरची काच दे. कापू नको.

"फ्रेम कुटाय?"

"फ्रेम कॅमेऱ्याला हाय."

त्यानं डोळे मोठे केले. सगळं सांगितलं. लई हसला. काच काढली, साधी, लेपाबिपाची न्हाय. पैसे घेईना. म्हणला, "पिक्चरमधी माझं नाव घाला." मग म्हणला, आलाच हायसा तर अक्षरांची पाटी वाचा. मी धडाधडा वाचली. पाठच हाय मला, पहिल्या ओळीपासनं शेवटच्यापर्यंत.

चनबसप्पानं वळून पाटीकडं बघितलं. मग हळूच म्हणला, "आज्जी, पाटी मी श्रावणात बदललीय."

पकडली गेले. त्यानं बॅटरी मारून बघितलं. "उजव्यात मोती पिकलाय. आता बाहेरनं कुटलीबी काच लावून उपयोग न्हाय. आत बसवाय लागती." मी म्हणलं, तीस तारखेपर्यंत कुणाला बोललास तर तुझ्या दारात येऊन बसंन. त्यानं सिद्धरामेश्वराची शपथ घेतली.

काच सुकन्याच्या हातात दिली. म्हणलं, चनबसप्पाकडनं सहज आणली. तिनं मला गच्च धरलं. चष्मा वाकला माझा! मी म्हणलं, सोड, आमटी उतू चाललीय. चुलीवर काय न्हवतं.

२१ नोव्हेंबर

काच बसंना. लेन्सच्या तोंडाला आटे हायत, आपल्या काचंला आटे कुटले? संघपाल रबर, पुठ्ठा, सगळं करून दमला. मी शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण दिलं. मधलं कापून काढलं, कडं राहिलं, त्यात काच, वरनं काळी पट्टी. बसली की! लसणाचा वास येतोय म्हणला. मी म्हणलं, पिक्चरला वास येत न्हाय.

बघितलं लावून. कडंला जरा पाण्यातनं बघितल्यागत हलतंय, मधी लख्ख. सुकन्या म्हणती, "पहिलीपेक्षा हीच छान हाय."

उद्या सुई ओवायचीय कॅमेऱ्यापुढं. माझी पद्धत निराळी. दोरा ओला करायचा, दोन नखांत धरून चपटा करायचा, जेमतेम टोक बाहेर. मग दोरा सुईवर न्यायचा न्हाय, सुईच दोऱ्यावर आणायची. नेढं बोटाला कळतंय. सासूनं शिकवलं, मेंढरामागं फिरताना, चंद्राच्या उजेडात. हे कुणाला ठाऊक न्हाय.

वहीची पानं मळकी दिसाय लागलीत. ओळींच्या मधी काळं काळं. हात धुऊन लिहाय पाहिजे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी धा ते दुपारी दोन. एका सुईसाठी!

दारात उजेडाला बसवलं. कॅमेरा तोंडापाशी, लसणाच्या वासासकट. संघपाल म्हणला, "आज्जी, सुई अजिबात हलवायची न्हाय. केसभर पुढंमागं झाली की धूसर. दोरा तेवढा आणा."

म्हणजे नेमकं उलटं! सुई तशीच ठेवून दोरा नेढ्यात घालायचा तर डोळा पाहिजे. एकदा झालं, दोनदा झालं. दोरा सुईच्या डावीकडनं जातोय, उजवीकडनं जातोय, माझ्या अंगठ्यात जातोय. चौदा वेळा! धनाजी दारातनं म्हणला, "आई, मी ओवून देऊ का?" मी म्हणलं, तू पायजम्याची नाडी नीट ओव आधी.

पहिल्यांदा वाटलं, सांगून टाकावं. पोरीचा पिक्चर माझ्या डोळ्यानं बुडणार.

तेवढ्यात सुकन्या माझ्यापुढं उकिडवी बसली. हळू म्हणली, "आज्जी, सुई दोऱ्यावर आण. तुझ्या तुझ्या पद्धतीनं." आणि संघपालला म्हणली, "सुई हलू दे. तू हल."

"फोकस जाईल की गं!"

"मग तिच्याबरोबर जा."

मी डोळे मिटले. दोरा चपटा केला. सुई आणली. संघपाल श्वास धरून कॅमेरा घेऊन माझ्यासंगट सरकत होता, मांजरागत. गेला दोरा! पहिल्या झटक्यात!

हिला कसं सुचलं? सासूचं रक्त हाय, दुसरं काय.

मग टीव्हीत दाखवलं. बोटं केवढी, झाडाच्या मुळ्या जशा. नेढं दरवाज्याएवढं. मागं तुळशीपुढचा दिवा लावलेला, तो गोल न्हाय, उभा अंड्यागत. मग कॅमेरा वर, माझ्या तोंडावर. मी डोळा उघडला आणि पडदाभर माझाच डोळा. बाहुलीच्या जागी पांढरं. दुधावर साय धरावी तसं.

मी म्हणलं, उजेड पडलाय त्यो.

संघपालनं मान खाली घातली. सुकन्या म्हणली, "व्हय. उजेडच हाय."

वाचले.

२३ नोव्हेंबर

लेन्स गेली. घासलेली काचबी गेली, भरून द्यायची म्हणतात. चनबसप्पाची झाकणासकट फडताळात ठेवली. दार रिकामं वाटतंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दगा!

"आज्जी, चल, चनबसप्पाकडनं फ्रेम बदलून आणू." रिक्षात बसले. मला दुकानाची पाटी दिसत न्हाय, पण भज्याच्या गाड्याचा वास कळतोय. वास आला आणि मागं गेला. म्हणलं, थांब, दुकान मागं राहिलं! रिक्षा थांबली ती डोळ्याच्या दवाखान्यातच.

चनबसप्पा फुटला. सिद्धरामेश्वर बघून घेईल त्याला.

डॉक्टरीणबाई पोरगीच हाय. म्हणली एक तारखेला उजवा, डावा त्याच्या पुढच्या महिन्यात. मी म्हणलं, तीस तारखेपर्यंत माझ्या नातीला सवड न्हाय. सुकन्या म्हणली, "एक तारीख तीसच्या पुढंच असती आज्जी." उलट उत्तरं देती.

२९ नोव्हेंबर

पिक्चर गेला पुण्याला. बटण दाबलं की गेला म्हणं. एवढा घाम गाळून एक बटण!

३० नोव्हेंबर

उद्या डोळा. भीती न्हाय. थोडी हाय. वाकायचं न्हाय, डोकं धुवायचं न्हाय, लिहायचंबी न्हाय म्हणली डॉक्टरीण. साक्षरता वर्गाच्या बाईंनी सांगितलं होतं, रोज एक ओळ लिहा. सव्वीस वर्षांत एवढा मोठा खाडा पहिलाच.

८ डिसेंबर, सोमवार

पुण्याच्या शाळेनं बोलावलं. सुकन्या सकाळच्या गाडीनं गेली. घर गप्प. वही काढली. चष्म्याचा नवा नंबर महिन्यानं मिळणार. मग फडताळातली कॅमेऱ्याची चाळिशी आठवली. ती पानावर धरली.

माझ्या ओळी एकीवर एक चढलेल्या, कोंडवाड्यात मेंढरं चढावी तशा. मलाच एक शब्द लागंना. आणि मधल्या फटीत पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात, तेच सगळं नीट उतरवून काढलेलं. सतरा तारखेपासनं. रोजचं. मळ न्हवता तो!

वीस तारखेखाली एक ओळ माझी न्हाय. 'चावी खुंटीलाच होती, आज्जी.'

सुकन्ये, चोरटे. आल्यावर हेबी वाचशील, म्हणून सांगते. चनबसप्पाला उगंच शिव्या घातल्या, त्याला शेंगाचटणी नेऊन दे. आपल्या बरणीला झाकण न्हाय, नवी बघ. आणि पेन्सिल जरा दाबून लिहीत जा. पुसट हाय.