दोन टेन्शनर आणि एक दीर

लिहून ठेवते मी, आशाबाई नागनाथ ढगे, वय एकोणसाठ, राहणार आदिलाबाद. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे दीर भगवानराव यांना त्याबद्दल शंका असते. मजकूर माझ्या हातचा आहे. मी शाळेत गेले नाही, सामानाच्या पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले. तेव्हा कुठे वेलांटी चुकली म्हणून कोणी हक्क चुकला असं धरू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. दोन खोल्यांचं घर आणि बँकेत जे असेल ते माझी एकुलती मुलगी दीपमाला हिला. मुलगी परक्या घरची, असं भगवानराव म्हणतात. ते परकं घर ती सहा वर्षांपूर्वी सोडून आली. तेव्हा तिला आणायला मी एकटी गेले होते.

२. पांढरी गाडी, जिचे कागद आता माझ्या नावावर आहेत, तीही दीपमालालाच. ती रोज चार शिक्षिकांना इंद्रवेल्लीला नेते-आणते, त्यावर तिचं पोट आहे. भांडण याच गाडीवरून होणार, म्हणून हे कलम लांबेल.

माझे पती नागनाथ ही गाडी भाड्याने चालवत. तीन वर्षांपूर्वी सकाळी सुरू करताना इंजिनातून खडखड येऊ लागली. टायमिंग चेन सैल पडली होती. तिला ताणून धरणारे दोन टेन्शनर त्यांनी नवे आणले, कपाटात ठेवले आणि रविवारी बसवतो म्हणाले. शनिवारी गेले.

तेराव्याला हात धुता धुता भगवानराव म्हणाले, "वैनी, इंजिन गेलं तिचं. भैंसा गावचा भंगारवाला माह्या ओळखीचा हाय." माणसाचे निदान तेरा दिवस पाळले. गाडीचे तेवढेही नाही.

मी नागनाथांचं दुरुस्तीचं हिंदी पुस्तक काढलं आणि दोन महिने वाचलं. मग अंगणात मी वाचत गेले आणि दीपमाला पाना फिरवत गेली. बॅटरी सोडवली, इंजिनाचं वरचं आणि पुढचं झाकण काढलं. चेन तिच्या दातेरी चाकावरून एक दात जरी सरकली तरी इंजिन आतून मोडू शकतं. म्हणून जुने टेन्शनर काढण्याआधी खुणा करायच्या असतात. पुस्तकात रंग लिहिला होता. घरात रंग नव्हता. कुंकवाचा करंडा मात्र भरलेला होता. ते तेलात कालवून चेनला आणि दातांना लावलं.

जुने टेन्शनर निघाले आणि भगवानराव आले.

"विधवा बाई कुंकवात बोटं घालून राह्यली! काऊन वो वैनी, जनाची तरी लाज?"

"माह्या कपाळाले कुठं लावलं, भाऊजी? चेनले लावलं. ते सवासीन हाय. तिचं इंजिन जित्तं हाय अजून."

दीपमाला हसली. ते त्यांना सोसलं नाही. त्यांनी फडकं घेऊन एकूण एक खूण पुसली. सैल चेन दातांवरून सरकली. "झालं," म्हणाले आणि चहा मागितला. मी दिला.

चाकांवर कारखान्यातले बारीक ठिपके असतात, असं पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर आहे. त्या ठिपक्यांपासून चेनच्या कड्या मोजत आम्ही तीन दिवस बसलो. नवे टेन्शनर बसवले, त्यांना दाबून धरणाऱ्या पिना ओढून काढल्या, चेन ताणली गेली. इंजिन हाताने दोनदा पूर्ण फिरवून पाहिलं. अडलं नाही. मग चावी लावली. खडखड नव्हती.

"आई, बाबाले ऐकू यायले पायजे होतं," दीपमाला म्हणाली. मी पाने पुसत बसले.

गाडी चालू लागल्यावर भगवानरावांना आठवलं, की दादाने मरताना ती त्यांच्या मुलाला, सुरजला दिली होती. नागनाथ मरताना जेवत होते आणि समोर मी एकटी होते. त्यांचा शेवटचा शब्द "मीठ" होता. त्यावर सुरजचा हक्क असल्यास त्याने सांगावा.

३. पाने, जॅक आणि पुस्तक दीपमालाला.

४. काढलेले जुने दोन टेन्शनर भगवानरावांना. भंगाराची त्यांना आवड आहे.

५. मला अग्नी दीपमालाने द्यावा. भगवानरावांनी हवं तर मोठ्याने रडावं, मधे येऊ नये.

६. दीपमाला, गाडी बापाची आठवण म्हणून जपू नकोस. आठवणीला पेट्रोल लागत नाही, गाडीला लागतं. तेल वेळेवर बदल. जड झाली तर विकून टाक, मला विचारल्यासारखं करून फोटोसमोर उभी राहू नकोस. फक्त सौदा तू कर. तुझ्या वतीने दुसरा कोणी बोलायला लागला, तर त्याला हा कागद दाखव.

७. साक्षीला शेजारचे दुकानदार राजकुमार आहेत. दुसरे साक्षीदार भगवानरावच. पुढे "मले कोणी सांगतलं नाही" असं म्हणायची सोय ठेवत नाही. ते सही करतील. दुकानात चार माणसं बसलेली असताना नाही म्हणणं त्यांना आजवर जमलेलं नाही.

सही: आशाबाई नागनाथ ढगे

साक्षीदार: राजकुमार बोंडे. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार: भगवानराव ढगे. पूर्ण वाचले. सही करतो.

आदिलाबाद, दि. १७ फेब्रुवारी २०२५