मिओरीसाठी सहा रोपं

१४ एप्रिल, रविवार
कॉलेज सोडल्याला महिना झाला. बाबा अजून बोलत नाहीत. न बोलोत. आज बेकरीतल्या मिओरीने पाव बांधता बांधता सांगितलं, तिला पिवळा रंग आवडतो. मलाच का सांगितलं? उघड आहे. (रांगेत आणखी दोघं होते, पण म्हातारे.) आमचं फुकुयामा म्हणजे गुलाबांचं गाव, विकतचे कुणीही देईल. मी स्वतः बागेत फुलवणार. पिवळ्या मिनिएचर गुलाबाची सहा रोपं आणली. फुललं की कुंडी तिच्या हातात आणि मनातलं तोंडावर. प्लॅन पक्का.

२८ एप्रिल
नर्सरीवाले कुसुमोतो आजोबा म्हणाले, पहिल्या कळ्या खुडून टाक पोरा, आधी झाडाला बाळसं धरू दे. मी विचारलं, आजोबा, तुम्ही कधी प्रेम केलंय का? म्हणाले, केलं की, बावन्न वर्षं तिच्या हातचं मुळ्याचं लोणचं खातोय. यांना काय कळणार! कळ्या राहणार.

५ मे
कळ्यांवर मावा. बाटलीवर लिहिलंय त्याच्या तिप्पट कडक औषध मारलं. थेंब मोजत बसणं माझ्या रक्तात नाही.

६ मे, सकाळी ७
मावा मेला. तीन रोपंही.

१९ मे
गावात गुलाबांचा उत्सव. नगरपालिकेचेसुद्धा फुलले, माझे नाहीत. चौथं रोप लाथ लागून गेलं. लाथ माझीच, पण वाटेत तेच आलं.

१० जून
आठवडाभर रिपरिप. पानांवर काळे ठिपके, पाचव्याला तर टक्कलच पडलं. पण सहाव्याला चार कळ्या! पिवळ्याधमक! रविवारी द्यायचं. आता माघार नाही.

१६ जून, रविवार
इस्त्रीचा शर्ट. कुंडी पुढे केली. तोंड उघडणार तोच मिओरी ओरडली, अय्या, वडिलांसाठी? स्वतः वाढवलेत?
आज वडिलांचा दिवस. आजच्या दिवशी बापाला पिवळे गुलाब देतात, हे साफ विसरलो होतो. ज्याच्याशी बोलणंच बंद, त्याचा दिवस कोण लक्षात ठेवतो! मागे रांग. सगळ्या काकू कौतुकाने बघतायत. मी 'हो' म्हणालो. तिने फुकटात रिबीन बांधून दिली. वर लिहिलेलं, 'बाबा, धन्यवाद'.
आता नेणार कुठे? बाबांपुढे ठेवली. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, पानं किडलीत रे. तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य.

१७ जून
बाबा सकाळीच बेकरीत जाऊन माझे गोडवे गाऊन आले. घरी येऊन सांगतात, ती मिओरी किती गुणी पोर! म्हणाली, मला असा धाकटा भाऊ हवा होता.
मी तिच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे.