नावेवरचे दाजी

गंगेच्या बेटावरून,
वैशाख

प्रिय तान्ये,

हे पत्र वऱ्हाडात निघालेल्या बन्सीधरच्या हाती देतेय. टपालात टाकलं तर आधी सरकार वाचनार, मग तू. आपली थट्टा सरकारनं कशाला वाचावी? आधी वेणी घाल, ठसठशीत कुंकू लाव, आन मग वाचायला बस. पंतोजीपुढं बसायचीस तशी केस पिंजारून बसू नको.

तू लेकरं घेऊन वऱ्हाडात गेलीस, आन तुझा नवरा सरकारचं करोडगिरीचं, जकातीचं नाकं जाळून, डोक्यावर वारंट घेऊन पाडव्याला माझ्या नावेवर आला. माझे मालक गेल्यापास्नं मी नावेवरच ऱ्हाते, तुला ठावं हाय. चटईचं छप्पर, मातीच्या पाटीत चूल, तेवढाच संसार. उन्हाळ्यात लोक गंगा पायीच उतरतात, नावेला कोन इचारतंय? डोहात बेटाला नाव बांधायची आन बसायचं. संशय घेऊ नको बाई, दाजी छपराखाली झोपायचे, मी वाळूत.

सेलूच्या कापूसबाजारात ज्यांना बसून जेवायला सवड न्हवती, ते दाजी इथं पान्यात पाय सोडून बसले की ऊन डोक्यावर येस्तोर उठायचे न्हाईत. सुरवातीला लय तगमग. सरहद्दीची वाट कवा मोकळी व्हायची, वऱ्हाडात कवा पोचायचं. मी म्हनायची, दाजी, नाव बांधलेली हाय, तुमीच कशाला पळायलात? मग हळूहळू निवले. जाळं विनायला शिकले. त्यांनी विनलेल्या जाळ्यातून बैल निघून गेला असता, पर ऐट बघावी. माशाचा वास आला की नाकाला धोतर लावायचे. पुढं पुढं कालवन वाढून घ्यायचे आन म्हनायचे, तानूला सांगू नका. बघ, सांगितलं.

एक दिवस काठावर बंदूकवाले हुडकायला आले. युक्ती दाजींचीच. नावेला लिंबाचे डहाळे बांधा, म्हना आत देवी आल्यात. मी डहाळे बांधले आन घसा तानून देवीची गानी म्हनली. आपला गळा तुला ठावा हाय, देवी न्हाई तरी मानसं पळावी असा. ते लांबूनच वळले. आमी तोंडात पदर आन धोतर कोंबून हसलो. तवापास्नं काठावरची मानसं बी नावेकडं पाठ करून जायला लागली. आमाला ते बरंच वाटलं.

आखाजीच्या आधी दाजींना ताप भरला. काढे दिले, कपाळावर गंगेच्या पान्याच्या पट्ट्या ठेवल्या, उतरंना. मी डहाळे सोडून पान्यात टाकले आन गावात वैद्यबुवांच्या, मग हकिमाच्या पाया पडले. देवी न्हाईत म्हनून शपथा घेतल्या. दोघं बी दाराआडूनच बोलले. खरं काय ते सांगावं, तर वारंटवाले येनार. नावेवरचा लिंब मी काढला, पर लोकांच्या मनातला निघंना.

तान्ये, दाजी शुद्धीत होते तवा म्हनले, "चतुराताई, तानूला एकदम सांगू नका. आधी जरा हसवा." मला येतंय तेवढं हसवलं. खांदा द्यायला कुनी आलं न्हाई. मीच नाव वल्हवत त्यांना खालच्या वाळूवर नेलं, वाहून आलेली लाकडं गोळा केली. बाईनं अग्नी देऊ नये म्हनतात. दुसरं होतं कोन? अस्थी मडक्यात ठेवल्यात, तुझी वाट बघायल्यात. वाट मोकळी झाली की ये, नाव इथंच बांधलेली हाय. असल्या पत्राचा कोपरा फाडून धाडायची रीत हाय. मी फाडला न्हाई. कोपरा बघूनच तू खाली बसली असतीस, आन त्यांचं ते पान्यात पाय सोडून बसनं तुझं वाचायचं ऱ्हायलं असतं. कुंकू बी त्यासाठीच लावायला सांगितलं, एकदा मनासारखं लावून घे म्हनून. आता कोपरा तूच फाड.

तुझीच,
चतुरी