साक्षीदाराला वाटा नाही

मी, क्लारा केशवराव खंडारे, वय एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार जठारपेठ, अकोला, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीबद्दल कोणाला शंका असेल तर त्याने येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा. पती केशवराव हयात नाहीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. जठारपेठेतील माझे दोन खोल्यांचे घर माझा मुलगा कुलदीप याला मिळावे. तो अकोटला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी करतो. घर ठेवायचे की विकायचे हे त्यानेच ठरवावे. नातेवाइकांनी सल्ले देऊ नयेत.

२. बँकेतील रकमेतून माझ्या दफनाचा खर्च करावा, उरलेली कुलदीपची. चर्चला वेगळे काही ठेवत नाही. दोन पंखे जिवंतपणीच दिले आहेत. ते दोन्ही वेदीकडे लावले आणि आम्ही बायका मागे घामाघूम बसतो.

३. माझी दिवंगत मुलगी सीमा हिचे शिलाई मशीन शेजारीण जैनबबी यांना द्यावे. कारण लिहिणे भाग आहे. सीमा नऊ वर्षांपूर्वी काविळीने गेली. त्यानंतर रोज संध्याकाळी चर्चची माणसे घरी रोझरीला, म्हणजे माळेवरच्या प्रार्थनेला, येत. मनापासून येत, हे मी नाकारत नाही. पण मी सीमाबद्दल बोलायला तोंड उघडले की माझ्या नणंद चंदाताई माळ हातात घेऊन 'नमो मरिये' सुरू करत आणि सगळी खोली त्यांच्यामागे म्हणू लागे. शेवटच्या दुपारी सीमाने मला शाळेतल्यासारख्या दोन वेण्या घालायला लावल्या आणि आरशात पाहून हसली, एवढेच मला सांगायचे होते. भरल्या घरात ते कोणाला सांगता आले नाही. जैनबबींना आमची प्रार्थना येत नव्हती. त्या रोज दुपारी माझ्याजवळ शेंगा सोलत बसत आणि विचारत, "फिर? फिर क्या बोली सीमा?" त्यांच्यामुळे मी तगले.

४. कुलदीप अकोटहून पोहोचला तेव्हा सीमा गेलेली होती. तिसऱ्या संध्याकाळी तो सगळ्यांमध्ये उठून उभा राहिला. "मले काही सांगाचं हाय," म्हणाला. चंदाताईंनी माळ उचलली आणि सुरुवात केली. तो थोडा वेळ तसाच उभा होता, मग चपला घालून बाहेर गेला. त्यानंतर त्याने चर्चची पायरी चढलेली नाही. मी पुष्कळदा विचारले. "जाऊ दे आई, आता काई नाई," एवढेच म्हणतो. माझ्या पोराचे ते बोलणे न ऐकताच मला जावे लागणार, याचे मला फार दुःख आहे.

५. म्हणून सूचना. माझे दफन चर्चच्या रीतीने व्हावे. माझी श्रद्धा गेलेली नाही. पण पहिल्या संध्याकाळी घरी रोझरी म्हणू नये. सगळ्यांनी बसावे. कुलदीप बोलला तर ऐकावे, गप्प राहिला तर आपणही गप्प राहावे. रोझरी दुसऱ्या दिवशी म्हणता येते, पवित्र मरिया रागावणार नाही.

६. चंदाताईंबद्दल. माझा त्यांच्यावर राग आहे, तो लपवत नाही. वकील म्हणाले, साक्षीदार होणाऱ्याला मृत्युपत्रातला वाटा मिळत नाही. मला ते पसंत पडले. चंदाताईंना मी काही देत नाही, साक्षीदार करते. सहीआधी हे सगळे त्यांना शेवटपर्यंत वाचून दाखवावे. वकील म्हणाले, साक्षीदाराने मजकूर ऐकायची गरज नसते. माझ्या साक्षीदाराला आहे.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर: आज दुसरे साक्षीदार वामनराव यांनी हे चंदाताईंसमोर मोठ्याने वाचले. तिसऱ्या कलमाला चंदाताईंचा हात पर्समधल्या माळेकडे गेला. मी पाहत होते. माळ त्यांनी बाहेर काढली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पर्स मिटली. मग त्यांनी विचारले, "वयनी, काय सांगाचं होतं वं कुलदीपले?"

"मले नाई मालूम," मी म्हणाले. "मी गेल्यावर तुमीच इचारजा."

ठिकाण: अकोला
दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: क्लारा केशवराव खंडारे (सही)

साक्षीदार:
१. वामनराव बुधाजी तायडे, निवृत्त शिक्षक, जठारपेठ (सही)
२. चंदा डोमाजी वानखडे, राहणार अकोला. सगळे ऐकून घेतले. (सही)