नऊ गुण जास्त

१ फेब्रुवारी १९७४, सांगली
नववीचे निबंध तपासले. रविवारी साताऱ्याचे लोक मला बघायला येणार. मुलगा कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. स्थळ पलूसच्या मामानं आणलेलं. त्याला इथे ‘सा.’ एवढंच लिहीन. पूर्ण नाव लिहिण्याजोगं काही घडेलसं वाटत नाही.

३ फेब्रु., रविवार
पोहे. निळी साडी. सा.नी गाणं, विणकाम काहीच विचारलं नाही. पिशवीतून लाकडी पेटी काढली. लाल-पांढरे ठोकळे. कार्डावरची नक्षी जुळवायची. बुद्धीची चाचणी म्हणे.
“घाबरू नका.” त्यांचाच कप बशीत वाजत होता.
जुळवली. मग शब्द, आकडे, कोडी. कागदावर बेरजा करून सा.नी बुद्ध्यांक सांगितला.
बाबा : “पास ना?”
मी विचारलं, यावरून काय कळतं? “माणूस पुढे आयुष्यात कुठवर जाईल, याचा अंदाज येतो.”
“आणि तुमचा किती?”
सांगितला. माझ्यापेक्षा नऊनं कमी.
त्यांच्या आईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

४ फेब्रु.
सा. खोटं सांगू शकले असते.
निबंध तसेच पडलेत.

१० फेब्रु.
मामा निरोप घेऊन आला. “दाजी, पोरगी पसंत हाय. पर त्येंची आई म्हणती, सून हुशार पायजे, ल्येकाच्या वर न्हाई. फुडल्या रविवारी परत परीक्षा घ्या म्हणत्यात.” मग माझ्याकडे वळून, “दोन ठोकळं चुकव की गं. लय न्हाई.”
बाबा सुभेदार होते. म्हणाले, “पलटणीत निम्मे जवान साहेबापेक्षा हुशार असायचे. कुणी बोलून दाखवायचं नाही. पलटण चालायची.”
आई भाकरी थापत होती. “चुकवायला काय लागतं? मी लग्न झाल्यापासून चुकवतेय.”
बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

१२ फेब्रु.
चुकवलं तर पुढे रोज चुकवावं लागेल. नाही चुकवलं तर…
मला सा. हवे आहेत. लिहिलं एकदाचं.

१७ फेब्रु., रविवार
पुन्हा पोहे. पुन्हा निळी साडी, दुसरी धुतलेली नव्हती. त्यांच्या आई अगदी समोर बसल्या. शेवटच्या नक्षीपर्यंत सगळं बरोबर केलं. मग एक ठोकळा मुद्दाम उलटा ठेवला. जुळवण्यापेक्षा हे अवघड.
“जमलं नाही वाटतं?” त्यांच्या आई. इतक्या प्रेमानं त्या पहिल्यांदाच बोलल्या.
सा.नी हात पुढे केला. ठोकळा सरळ केला.
“जमलंय, आई.”
मामा : “आरं गड्या, मास्तरच कॉपी पुरवतोय व्हय!”
कुणी हसलं नाही. मी हसले. त्यांच्या आई उठल्या. “चला, एसटी चुकेल. कळवतो.”
कधी, ते म्हणाल्या नाहीत.

२१ फेब्रु., गुरुवार
पत्र नाही.
केर काढताना आईला दिवाणाखाली एक ठोकळा सापडला. सा.च्या कॉलेजात सोमवारपासून प्रॅक्टिकल आहेत, रविवारी म्हणाले होते. एक ठोकळा कमी म्हणजे कुठलीच मोठी नक्षी पुरी होणार नाही.
बाबा : “विसरला असेल. पोस्टानं पाठवू.”
आईनं ठोकळा पुसून माझ्या हातात दिला.
पहिल्या वेळी मी पाहिलं होतं. सा. ठोकळे मोजून पेटीत ठेवतात. दोनदा मोजतात.
शनिवारची रजा टाकली. ठोकळा पर्समध्ये. साताऱ्याला पहिली गाडी कधी, ते बाबांना विचारायचं नाही.